स्वस्त हाय, पण हलकी न्हाय

मगदूम बाई वर्गात एक मराठी बोलायच्या आणि वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला की दुसरी. वर्गात, "मुलांनो, नकाशासंग्रह उघडा, उजव्या पानावरील दख्खनच्या पठाराचे निरीक्षण करा." आणि बाहेर आल्या की लगेच, "देसाई बाई, मी च्या प्यायला चाललो. तुमी येताय न्हवं?" आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्यात नवल काहीच नाही. पण इतकं शुद्ध बोलणारी बाई एका पावलात इतकं अस्सल बोलायला लागते, हे बघून शाळेत नवीन आलेले शिक्षक दोन दिवस दचकायचे.

देसाई बाई म्हणजे मी, त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचे. शाळा गडमुडशिंगीच्या पुढच्या एका गावात, उसाच्या रानात. आम्ही दोघी शहरातून जायचो. त्या शिवाजी पेठेतल्या, मी राजारामपुरीतली. पंधरा वर्षं आम्ही आपापल्या स्कूटीवरून एकामागे एक शाळेत गेलो. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, टेपावर लावलेली गाणी, आणि ट्रॉलीबाहेर वीतभर लोंबणारे ऊस. एकदा तसल्याच एका ट्रॉलीतला ऊस बाईंच्या स्कूटीच्या आरशाला लागला आणि आरसा गेला. बाई शाळेत आल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "उद्यापास्नं मी ह्या रस्त्यानं येणार न्हाय."

"मग कुठल्या रस्त्यानं येणार?" मी विचारलं.

"ओढ्याकडच्या पाणंदीनं."

ती पाणंद म्हणजे बैलगाडीची वाट. दगड, मुरूम, मध्ये गवताची पट्टी, पावसाळ्यात गुडघाभर राड. तिथून स्कूटी कशी जाणार, हे मी विचारलं नाही. बाईंनी एखादी गोष्ट ठरवली की त्यांना 'कसं' विचारायचं नसतं, एवढं मला पंधरा वर्षांत कळलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि बाई सायकलवरून शाळेत आल्या. वय बावन्न. अंगात सलवार-कमीज, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि खाली गर्द हिरवी सायकल. टायर रुंद, त्यांना बारीक दाणे. हँडल मात्र मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढं जाऊन खाली वळलेलं. सगळी शाळा प्रार्थना सोडून बघत राहिली. मुख्याध्यापक सर भला माणूस. ते हळूच जवळ आले आणि काळजीच्या आवाजात म्हणाले, "बाई, दुकानदारानं हँडल उलटं बसवलंय वाटतं. बदलून घ्या."

"सर, ती ग्रॅव्हल बाइक हाय," बाई म्हणाल्या. "हिचं हँडल असंच असतंय. वर धरलं की ताठ बसता येतंय, खाली धरलं की वारं लागत न्हाय. डांबरावर पळत्या आणि मुरमावर घसरत न्हाय."

"पण एवढी महाग सायकल?"

"महाग कुठली? ह्या जातीत सगळ्यांत स्वस्त हीच. महागाची असती तर एका बोटानं उचलली असती. ही उचलून बघा."

सरांनी उचलायला बघितली आणि परत खाली ठेवली.

"स्वस्त हाय," बाई म्हणाल्या, "पण हलकी न्हाय."

हे वाक्य पुढं शाळेत म्हणीसारखं झालं. कँटीनचा वडा असो नाहीतर एखाद्याचा जावई असो, कशाबद्दलही कुणीतरी ते म्हणायचंच.

बाईंचा दिवस आता ठरून गेला. सकाळी पेठेतून निघायचं, शहराबाहेर पडलं की डांबरी सोडायची आणि पाणंदीला लागायचं. शाळेत आल्या की मुलींच्या खोलीशेजारच्या मोरीत तोंड धुवायचं, कपाटातली घडीची साडी नेसायची, आणि घंटेला वर्गात हजर. उशीर कधी नाही. उलट ट्रॉल्यांत अडकून मीच उशिरा पोचायचे आणि बाई हजेरीपटावरून माझ्याकडं बघून भुवई उडवायच्या. हँडलला बांधलेल्या छोट्या पिशवीत गुळाचे खडे आणि भाजलेले शेंगदाणे. त्यांच्या मालकांचं, मगदूम अण्णांचं, गुळाचं दुकान होतं, त्यामुळं गुळाला तोटा नव्हता. "त्या परदेशी चॉकलेटात काय हाय वो? गूळच हाय की, नाव बदल्यालं," असं म्हणून त्या माझ्या हातावरही खडा ठेवायच्या.

साखळी त्या स्वतः साफ करायच्या, जुन्या साडीच्या चिंधीनं, दर शनिवारी. पंक्चर स्वतः काढायच्या. एकदा पाणंदीत त्यांचं चाक बसलं आणि शेजारच्या फडात ऊस तोडणाऱ्या बायका कोयते टाकून भोवती जमल्या. बाईंनी चाक काढलं, ट्यूब ओढली, थुंकी लावून भोक शोधलं आणि ठिगळ बसवलं. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "बया, एवढं येतंय तर गाडी का चालवत न्हाईस?" बाई म्हणाल्या, "मावशी, गाडी बंद पडली की मला ढकलाय लागत्या. ही बंद पडली तर मी खांद्यावर घेतो." म्हातारीला ते पटलं. तिनं बाईंना उसाचं कांडकं दिलं आणि बाई ते खातच शाळेत आल्या.

भूगोल शिकवण्यात तर सायकल अशी मिसळली की विचारू नका. नकाशातल्या समोच्च रेषा मुलांच्या डोक्यात कधीच शिरत नाहीत. बाई फळ्यावर जोतिबाचा डोंगर काढायच्या आणि सांगायच्या, "जिथे रेषा लांब लांब आहेत, तिथे चढ सौम्य आहे. जिथे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत, तिथे पोटऱ्या दुखतात." त्या वर्षीपासून तो प्रश्न परीक्षेत कुणाचा चुकला नाही. एका पोरीनं तर उत्तरपत्रिकेत 'पोटऱ्या दुखणारा प्रदेश' असंच लिहिलं होतं. बाईंनी तिला पूर्ण गुण दिले.

पण सगळ्यांना हे रुचलं होतं असं नाही. शाळा समितीतले एक वजनदार सदस्य एक दिवस ऑफिसात येऊन बसले. मी हजेरीपट ठेवायला गेले होते, म्हणून मला सगळं ऐकता आलं. ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "सर, बाईमाणसानं ह्या वयात असं वाकून सायकल मारत यायचं, ते शोभत न्हाय. गावात बोलत्यात लोक."

सरांनी मग बाईंनाच बोलावलं. बाई साडीत, हातात खडू. ऐकून घेतलं.

"शाळंत मी साडीत असतो का न्हाय?"

"असता."

"तासाला कधी उशीर झालाय?"

"न्हाय, पण..."

"लोक काय बोलत्यात?"

सदस्य जरा घुटमळले. "आता... म्हणजे, बाई सायकलवर..."

"तुमची आई रानात डोईवर वैरण घिऊन जायची, तवा लोक काय बोलायचं?" बाईंनी विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही. "वाकल्याशिवाय वैरणीचा भारा उचलता येत न्हाय, पावणं. आणि वाकल्याशिवाय वाऱ्यात सायकल चालवता येत न्हाय. मी तासाला चाललो. सातवी ब वाट बघत्या."

त्या निघून गेल्या. सदस्य चहा प्यायले आणि उठले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

घरात मात्र विरोध वेगळा होता, आणि तो जास्त अवघड होता कारण त्यात राग नव्हता. मगदूम अण्णा मितभाषी माणूस. दुकान, घर आणि सोमवारी शंकराचं देऊळ. सायकल घराच्या पुढच्या सोप्यात ठेवलेली असायची. अण्णा तिला वळसा घालून जायचे आणि म्हणायचे, "देवघरात तेवढी ठिवायची ऱ्हायली." एकदा मी गेले असताना ते मला म्हणाले, "देसाई बाई, तुमी तरी सांगा. पडली म्हंजे? ह्या वयात हाड जुळत न्हाय." बाई आतून ओरडल्या, "पडलो तर उठंन की!" अण्णांनी माझ्याकडं बघून हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत भीती होती.

रविवारी बाई जोतिबाला जायच्या. पहिल्या खेपेला घाटात तीन ठिकाणी उतरून चालल्या. पुढच्या महिन्यात दोन ठिकाणी. मग एके रविवारी न उतरता वर पोचल्या आणि घाम निथळत एका दुकानासमोर थांबल्या. दुकानदार हेल्मेट बघून ओरडला, "या पावणं, बसा! कुठनं मारत आला?" बाईंनी हेल्मेट काढलं. खाली पांढऱ्या केसांचा अंबाडा. दुकानदाराच्या हातातलं नारळाचं ताट तसंच राहिलं. "अगं बाई, पावणं न्हाय, ह्या तर आमच्या भूगोलाच्या बाई!" असं म्हणून त्याची बायको बाहेर आली. ती आमच्याच शाळेतली जुनी विद्यार्थिनी निघाली. तिनं चहाला हात लावू दिला नाही, आधी गुलाल लावला. बाई सोमवारी शाळेत आल्या तेव्हा भुवईत गुलाल तसाच होता.

त्याच वर्षी शहरातल्या सायकलवाल्यांनी एक शर्यत ठेवली. शर्यत म्हणजे खरं तर कुणाला हरवायचं नव्हतं. शंभर किलोमीटर, जास्तीत जास्त कच्च्या वाटांनी. जोतिबाच्या पायथ्यापासून, पन्हाळ्याच्या अंगानं, भोगावतीकाठानं फिरून परत रंकाळ्याजवळच्या मैदानावर. सकाळी सहाला निघायचं आणि दुपारी तीनच्या आत यायचं. वाटेत तीन ठाणी, प्रत्येकाची वेळ ठरलेली. वेळ चुकली की सायकल टेंपोत.

बाईंनी नाव दिलं. शेवटच्या ठाण्यावर पाणी द्यायला माणसं हवी होती, म्हणून मीही गेले. ठाणं एका गुऱ्हाळाशी होतं, काकवीचा वास सुटलेला. एक वाजता ठाणं बंद होणार होतं. एकला बाई दिसल्या नाहीत. एक वाजून अकरा मिनिटांनी पिवळं हेल्मेट दिसलं. संयोजकाच्या माणसानं मान खाली घालून सांगितलं, "काकू, वेळ संपली." बाईंनी घड्याळ बघितलं, मान डोलावली आणि स्वतःच्या हातानं सायकल टेंपोत चढवली.

मैदानावर मंडप होता. संयोजक माइकवर म्हणाले, "वयाच्या मानानं अतिशय कौतुकास्पद प्रयत्न केल्याबद्दल श्रीमती मगदूम यांचा शाल-श्रीफळ देऊन विशेष सत्कार!" टाळ्या झाल्या. बाई मंचापर्यंत गेल्या आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

"हे कशाचं?"

"काकू, तुमच्या प्रयत्नाचं."

"मी शंभर पुरं केलं न्हाय. अठ्ठ्याहत्तर केलं. न केलेल्या कामाचा नारळ मी घेत न्हाय." मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका. पुढच्या साली यीन."

संयोजकाच्या हातात शाल तशीच. मला त्या क्षणी बाईंचा रागच आला. एवढं प्रेमानं देतायत, घ्यायला काय झालं? घरी जाताना मी तसं म्हणालेही. बाई म्हणाल्या, "देसाई बाई, नापास पोराला तुम्ही 'प्रयत्न केलास' म्हणून पास करता?" मी म्हणाले, "कधीकधी करते." त्या म्हणाल्या, "म्हणून ते मराठीत कच्चं ऱ्हात्यात." आणि पहिल्यांदा त्या दिवशी हसल्या.

पुढचं वर्षभर त्या कशा राबल्या ते मी बघितलं. पावसाळ्यात राडीतून आल्या, उन्हाळ्यात पहाटे उठून जोतिबा दोनदा चढल्या. उतारावर वळण कसं घ्यायचं, खडीत ब्रेक कुठला दाबायचा, चालवता चालवता कसं खायचं, सगळं वहीत लिहून काढलेलं. आणि त्या वर्षी एक गोष्ट घडली जी बाईंनी मला फार उशिरा सांगितली. एका शनिवारी त्या साखळी पुसायला बसल्या तर साखळी आधीच लख्ख. पुढच्या शनिवारीही तसंच. अण्णा गुपचूप पुसून ठेवत होते.

जानेवारीतला रविवार आला. मी परत त्याच गुऱ्हाळाशी. बारा वाजले, सवाबारा, साडेबारा. पुढचे सगळे तरुण निघून गेलेले. मी काकवीची वाटी हातात घेऊन उभी, रस्त्याकडं बघत. बारा अठ्ठेचाळीसला बाई आल्या. पण त्यांचं पायडल मारणं बघूनच कळलं, काहीतरी बिघडलंय. एकेक पाय असा पडत होता, जणू जातं ओढतायत.

"काय झालं?"

"मागच्या गिअरची तार तुटली. चौदा किलोमीटर मागं," बाई धापा टाकत म्हणाल्या. "साखळी सगळ्यांत जड चक्रावर जाऊन बसली. स्क्रू फिरवून बघितला, मग त्या गिअरच्या मध्यी बाभळीची काडी ठासली. आता मधल्या एका चक्रावर अडकून हाय. तेवढ्यावरच जायचं."

ठाण्यावरचा माणूस वाकून बघायला लागला. "काकू, अशी वाटेतली खिंड चढणार नाही. पुढं बावीस किलोमीटर आहेत. टेंपो आहे..."

"वेळ झाली का?" बाईंनी विचारलं.

"नाही. बारा मिनिटं आहेत."

"मग टेंपोचं नाव काढू नका." त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, काकवी एका घोटात प्यायल्या, वाटी परत दिली आणि निघाल्या.

एकला ठाणं मिटलं आणि मी स्कूटी काढून थेट मैदानावर गेले. खिंडीत काय झालं ते बाईंनीच नंतर सांगितलं. चढ सुरू झाल्यावर उभ्या राहून पायडल मारलं, मग ते होईना तेव्हा उतरून सायकल ढकलत पळाल्या. चालल्या नाहीत, पळाल्या. खिंडीच्या माथ्यावर गुरं राखणारा एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "का पळताय बाई, कोण लागलंय मागं?" बाई म्हणाल्या, "तीन वाजत्यात मागं!" आणि उतारावर बसून सुटल्या.

मैदानावर पावणेतीन वाजले. शिवाजी पेठेतली तालमीची माणसं आली होती, हलगी घेऊन. बाई त्यांच्या गल्लीतल्या, आणि पेठेला कुठल्याही सामन्याला हलगी लागतेच. पण ती वाजत नव्हती. दोन पन्नास. संयोजक घड्याळ आणि रस्ता आळीपाळीनं बघत होते. मंडपाच्या खांबाला धरून एक माणूस उभा होता, पांढरा सदरा, टोपी. मी जवळ गेले तर मगदूम अण्णा. रविवारी दुकानाला गिऱ्हाईक जास्त असतं, आणि त्यांनी दुकान बंद ठेवलं होतं.

"येईल?" त्यांनी मला विचारलं.

मी घड्याळ बघितलं.

दोन त्रेपन्न. रंकाळ्याच्या बाजूनं पिवळा ठिपका दिसला. आधी कुणालाच खात्री नव्हती. मग तो मोठा झाला, त्याखाली हिरवी सायकल दिसली, धुळीनं माखलेले हात दिसले, हँडलची शिंगं खाली धरून वाकलेली बाई दिसली. आणि माझ्या शेजारचा तो मितभाषी माणूस, ज्याचा आवाज मी कधी सोप्याबाहेर ऐकला नव्हता, तो टोपी हातात घेऊन ओरडला, "आमची हाय ती! आमची हाय!"

हलगी कडाडली. तालमीची माणसं रस्त्यावर धावली. आधी पोचलेले तरुण आपापल्या भारी सायकली टाकून उठले आणि दोन्ही बाजूंनी उभे राहिले. बाईंनी रेघ ओलांडली, ब्रेक दाबले आणि एक पाय जमिनीला लावला.

"वाजलं किती?"

"दोन छप्पन्न, काकू!" संयोजक ओरडले.

"मग चार मिनिटं उरली की," बाई म्हणाल्या.

संयोजकांनी पदक आणलं. बाईंनी ते गळ्यात घालण्याआधी हातात घेऊन उलटसुलट बघितलं, शेजारच्या मुलाच्या गळ्यातलं बघितलं. "सगळ्यास्नी हाय तसंच हाय न्हवं?"

"तसंच आहे. अगदी तसंच."

"मग घाला."

कुणीतरी गुलाल उधळला. हेल्मेट, अंबाडा, अण्णांचा पांढरा सदरा, सगळं गुलाबी. अण्णा पुढं आले, बायकोकडं बघितलं आणि खाली वाकून सायकलीच्या मागच्या गिअरमध्ये ठासलेली बाभळीची काडी बघायला लागले. "ह्येच्यावर आलीस?" बाई म्हणाल्या, "व्हय." अण्णा उठले, सायकल स्वतःच्या हातात धरली आणि ती कुणाला धरू दिली नाही. पेठेपर्यंत हलगीच्या मागून दोघं चालत गेली, मध्ये सायकल.

बाई अठ्ठावन्नव्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात शुद्ध बोलल्या आणि फाटकाबाहेर जाऊन "चाललो बरं का!" म्हणून ओरडल्या. मग आमचं भेटणं कमी झालं. फोन व्हायचे. त्या कागलच्या पुढं, सीमेकडं, कुठल्या कुठल्या आडवाटांनी फिरून आल्याचं सांगायच्या. तिकडं त्यांची थोरली बहीण होती. तिला त्या 'अक्का' म्हणत, आणि तिच्या हातची भाकरी खायला सायकलवर जात.

गेल्या हिवाळ्यात मी एका लग्नाला गडहिंग्लजकडं एसटीनं चालले होते. वाटेत उसाची ट्रॉली कलंडली होती आणि दोन्हीकडं गाड्यांची रांग लागलेली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. लोक खाली उतरून मोबाइल काढून उभे. मी खिडकीत बसले होते. तेवढ्यात गाड्यांच्या रांगेशेजारून, रस्त्याच्या कडेच्या मुरमावरून, एक हिरवी सायकल आली. वेग फार नव्हता, पण अडत कुठंच नव्हती. साठीची बाई, पाठ सरळ, मागं एक बोचकं बांधलेलं.

"मगदूम बाई!" मी खिडकीतून ओरडले.

सगळी बस बघायला लागली. बाईंनी मागं वळून बघितलं नाही, खडीत वाटेवरची नजर काढणं बरं नव्हे म्हणून असेल. पण आवाज ओळखला. एक हात वर केला, पंजा उघडला, परत हँडल धरलं. कलंडलेल्या ट्रॉलीपाशी पोचल्यावर उतरल्या, सायकल खांद्यावर घेतली, सांडलेल्या उसाच्या ढिगावरून पलीकडं गेल्या, आणि पुन्हा बसल्या. कंडक्टर दारात उभा राहून बघत होता. पुढं डावीकडं एक पाणंद फुटत होती. बाई तिथं वळल्या, आणि तुऱ्यावर आलेल्या उसाच्या मधून पिवळं हेल्मेट बराच वेळ जाताना दिसत राहिलं.